टीई-१० उभा की आडवा? वेव्हगाइडमधले मोड आणि पोलरायझेशन

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय याची खात्री होईल. मोकळ्या हवेतल्या लहरीला उभं, आडवं किंवा वर्तुळाकार असं हवं ते पोलरायझेशन, म्हणजे विद्युतक्षेत्र डोलण्याची दिशा, देता येतं. मग प्रयोगशाळेतल्या एक्स-बँडच्या (१० गिगाहर्ट्झच्या आसपासच्या मायक्रोवेव्हच्या) बाकावरच्या वेव्हगाइडमध्ये, म्हणजे लहरी वाहून नेणाऱ्या पोकळ धातूच्या नळीत, टीई-१० मोड ‘रेषीय पोलराइज्ड’ असतो असं ठामपणे का सांगतात? त्याच नळीतून आडवं किंवा वर्तुळाकार पोलरायझेशन पाठवता येईल का, निदान नळी ९० अंशांत फिरवून? टीई (विद्युतक्षेत्र नळीच्या अक्षाला काटकोनात) आणि टीएम (चुंबकीय क्षेत्र अक्षाला काटकोनात) म्हणजे पोलरायझेशनच की आणखी काही? आणि दोन्ही क्षेत्रं काटकोनात असलेला टीईएम नळीत का नसतो?

सरळ उत्तर असं: त्या नळीतून, त्या फ्रिक्वेन्सीला, दुसरं पोलरायझेशन पाठवता येत नाही. हवेत पोलरायझेशन तुम्ही निवडता, वेव्हगाइडमध्ये ते भिंती निवडतात. मोड म्हणजे भिंतींनी मान्य केलेला क्षेत्राचा संपूर्ण आराखडा. त्यात प्रत्येक बिंदूला विद्युतक्षेत्राची दिशा आधीच ठरलेली असते. एकाच वेगाने जाणारे दोन मोड नळीला परवडत असतील, तरच तुम्हाला पोलरायझेशनची निवड उरते. आयताकृती नळी मुद्दाम अशी बनवतात की ती निवड उरूच नये.

आता आकड्यांवर येऊ. तुमच्या बाकावरची नळी बहुधा डब्ल्यूआर-९० आहे: आतली रुंदी २२.८६ मिमी, उंची १०.१६ मिमी. तिची रुंद बाजू टेबलाला समांतर ठेवली की टीई-१० मधलं विद्युतक्षेत्र उभं असतं, वरच्या भिंतीपासून खालच्या भिंतीपर्यंत. ‘नळी आडवी म्हणजे पोलरायझेशन आडवं’ हा गोंधळ तोंडी परीक्षेत हमखास ऐकायला मिळतो. उलट आहे. याच नळीच्या तोंडाला हॉर्न (कर्ण्यासारखी अँटेना) लावलात तर बाहेर उभं पोलरायझेशन पडतं.

सगळ्याच्या मुळाशी एकच नियम आहे. चांगल्या वाहकाच्या पृष्ठभागावर, पृष्ठभागाला समांतर असं विद्युतक्षेत्र टिकत नाही. लंब क्षेत्राला मात्र काही अडचण नाही, तिथे पृष्ठभागावर विद्युतभार जमतो आणि काम भागतं. टीई-१० चं उभं क्षेत्र वरच्या-खालच्या भिंतींना लंब आहे, म्हणून उंचीच्या दिशेने त्याला बदलावं लागत नाही. डाव्या-उजव्या भिंतींना ते समांतर आहे, म्हणून तिथे ते शून्य व्हायलाच हवं. दोन्ही कडांना शून्य आणि मध्ये सर्वांत जास्त, असा अर्ध्या साइनचा आकार त्यातून येतो. ‘१’ म्हणजे रुंदीत एक अर्धलहर, ‘०’ म्हणजे उंचीत काहीच बदल नाही.

यातून कटऑफही मिळतो, म्हणजे ज्या फ्रिक्वेन्सीच्या खाली तो मोड नळीतून पुढे जातच नाही ती मर्यादा. रुंदीत निदान अर्धी तरंगलांबी मावली पाहिजे. म्हणजे कटऑफ तरंगलांबी रुंदीच्या दुप्पट, ४५.७२ मिमी, आणि कटऑफ फ्रिक्वेन्सी ६.५६ गिगाहर्ट्झ. या हिशेबात उंची कुठेच आली नाही, हे लक्षात ठेवा; पुढे उपयोगी पडेल. त्यानंतरचा मोड टीई-२०, १३.११ गिगाहर्ट्झला. मग टीई-०१, म्हणजे आडव्या विद्युतक्षेत्राचा मोड. त्याला उंचीत अर्धी लहर बसवावी लागते, म्हणून १४.७५ गिगाहर्ट्झ. टीई-११ आणि टीएम-११ दोन्ही १६.१५ ला. ही नळी ८.२ ते १२.४ गिगाहर्ट्झ वापरायला सांगतात ती एवढ्याचसाठी: या पट्ट्यात टीई-१० सोडून कोणालाच वाट नाही.

टीईएम का नाही, हेही विचारलं होतंत. नळीत एकच वाहक आहे. टीईएमसाठी आडव्या छेदातलं विद्युतक्षेत्र स्थिर-विद्युतातल्या क्षेत्रासारखं असावं लागतं, आणि सगळीकडून एकाच विभवाने वेढलेल्या पोकळीत असं क्षेत्र शून्य असतं. कोॲक्सिअल केबलमध्ये मधली तार हा दुसरा वाहक असतो, म्हणून तिथे टीईएम चालतो. विषय संपला.

टीई आणि टीएमचा अर्थ मात्र नीट समजून घ्या, कारण तिथे पोलरायझेशन खरोखर दडलेलं आहे. टीई-१० म्हणजे दोन सपाट लहरी, डाव्या आणि उजव्या भिंतींवर आपटत तिरप्या पुढे जाणाऱ्या. दोघींचं विद्युतक्षेत्र उभं. दोघींची बेरीज केली की रुंदीत अर्ध्या साइनचा आकार आणि लांबीच्या दिशेने पुढे जाणारी लहर मिळते. १० गिगाहर्ट्झला या लहरी अक्षाशी सुमारे ४१ अंशांचा कोन करतात. फ्रिक्वेन्सी खाली आणत गेलात तर कोन वाढत जातो आणि कटऑफला ९० अंश होतो: लहरी नुसत्या दोन भिंतींमध्ये आपटत राहतात, पुढे सरकत नाहीत. आपटणाऱ्या या लहरींचं विद्युतक्षेत्र आपटण्याच्या पातळीला लंब असेल तर अक्षाच्या दिशेने विद्युतक्षेत्राचा घटक येत नाही, तो टीई. त्याच पातळीत असेल तर अक्षाच्या दिशेला घटक येतो, तो टीएम. तेव्हा टीई-टीएम हे मूळ सपाट लहरींच्या पोलरायझेशनचंच वर्गीकरण आहे. नळीच्या तोंडातून जे बाहेर पडतं त्याचं नव्हे. टीएम-१० नसतो तो का, हेही यातच आलं. अक्षाच्या दिशेचं क्षेत्र चारही भिंतींना समांतर असतं, ते चारही ठिकाणी शून्य हवं, म्हणून दोन्ही दिशांना निदान एकेक अर्धलहर लागते.

कोनावरून बाकी हिशेब झटपट होतात. ४१ अंशांचा कोसाइन ०.७५५. हवेतली तरंगलांबी २९.९८ मिमी, तिला ०.७५५ ने भागलं की नळीतली तरंगलांबी ३९.७ मिमी. स्लॉटेड लाइनवर (लांब खाचेतून आतलं क्षेत्र मोजता येतं अशा नळीवर) क्षेत्राच्या लागोपाठच्या दोन नीचांकांमधलं अंतर १९.८५ मिमीच्या आसपास भरलं पाहिजे. तेवढं भरत नसेल तर आधी फ्रिक्वेन्सी मीटरकडे बघा, मग सिद्धांताकडे. ऊर्जा पुढे सरकण्याचा वेग प्रकाशाच्या ०.७५५ पट, आणि फेज वेग, म्हणजे लहरीची शिखरं सरकण्याचा वेग, प्रकाशापेक्षा जास्त. त्यात गैर काही नाही. फेज वेगाने माहिती जात नाही.

आता तुमचा मुख्य प्रश्न: नळी ९० अंशांत फिरवली तर? एक नळी आडवी, तिला पुढची नळी उभी जोडली. पहिलीतलं उभं क्षेत्र दुसरीच्या लांब भिंतींना समांतर पडतं. दुसरीच्या दृष्टीने हा टीई-०१, ज्याचा कटऑफ १४.७५ गिगाहर्ट्झ. १० गिगाहर्ट्झला ते क्षेत्र पुढे जात नाही, फक्त विरत जातं, आणि किती वेगाने ते मोजून घ्या: सेंटिमीटरला जवळजवळ २० डीबी, म्हणजे शक्ती शंभरपट कमी. तीन सेंटिमीटरमध्ये ६० डीबी गेले. आणि दुसरीच्या स्वतःच्या टीई-१० मध्ये ते शिरत नाही का? केंद्र जुळलेलं असेल तर नाही, कारण दोघांची क्षेत्रं एकमेकांना काटकोनात आहेत आणि सममितीमुळे बेरीज शून्य येते. सगळी शक्ती परत फिरते. म्हणजे फिरवलेली नळी ‘आडवं पोलरायझेशन’ देत नाही; ती दार बंद करते.

हे करून बघायला गेलात तर एक गंमत दिसेल. नेहमीच्या चौकोनी फ्लँजची (नळीच्या टोकाच्या जोडपट्टीची) चार छिद्रं अगदी चौरसात नसतात. एका दिशेला ३२.५ मिमी, दुसऱ्या दिशेला ३१. म्हणून फिरवलेल्या फ्लँजला बोल्ट नीट बसत नाहीत, क्लँपने दाबून धरावं लागतं. पोलरायझेशन खरंच फिरवायचं असेल तर ट्विस्टचा तुकडा वापरतात. त्यात नळी काही तरंगलांब्यांच्या अंतरात हळूहळू पिळलेली असते, मोड भिंतींबरोबर वळत जातो आणि परावर्तन नगण्य राहतं. म्हणजे लहरीला वळवण्यासाठी शेवटी भिंतींनाच वळवावं लागतं.

कटऑफ आणि पोलरायझेशन ही एकाच गोष्टीची दोन रूपं आहेत हे ज्यांनी फार आधी हाताने करून दाखवलं ते जगदीशचंद्र बोस. १८९० च्या दशकात कोलकात्यात ते पाच मिलिमीटरच्या आसपासच्या तरंगलांबीवर काम करत होते. आज आपण त्याला ६० गिगाहर्ट्झचा पट्टा म्हणतो. त्यांच्या उपकरणांत पोकळ धातूच्या नळ्या आणि हॉर्न होते. आणि पोलरायझर म्हणून त्यांनी चक्क ब्रॅडशॉचं रेल्वे वेळापत्रक वापरलं, पानापानांत कथिलाचा पातळ पत्रा घालून. वर सांगितलेला हिशेब इथे लावा. दोन पत्र्यांमधलं अंतर अर्ध्या तरंगलांबीपेक्षा, म्हणजे अडीच मिलिमीटरपेक्षा, कितीतरी कमी. विद्युतक्षेत्र पानांना समांतर असेल तर ते कटऑफच्या खाली राहतं आणि अडतं. पानांना लंब असेल तर अंतर कितीही कमी असो, लहर आरपार जाते, कारण तो मोड अंतरावर अवलंबूनच नाही. इथे दोन सुटे वाहक असल्यामुळे तो टीईएम आहे. टीई-१० च्या कटऑफमध्ये उंची का आली नाही, त्याचं हेच उत्तर. बोसांनी १८९८ मध्ये पिळलेल्या तागाच्या जुड्या लहरीच्या वाटेत ठेवून पोलरायझेशनची पातळी फिरते हेही दाखवलं; पीळ उजवा की डावा यावर फिरण्याची दिशा ठरत होती.

त्याच सुमारास, १८९७ मध्ये, लॉर्ड रॅलेंनी पोकळ नळीतल्या दोन्ही प्रकारच्या लहरींचं आणि कटऑफचं गणित मांडलं. मग जवळजवळ चाळीस वर्षं कोणी फिरकलं नाही. १९३६ मध्ये बेल लॅब्जचे साउथवर्थ आणि एमआयटीचे बॅरो यांनी स्वतंत्रपणे प्रयोगांनिशी विषय पुन्हा वर आणला, आणि मग रडारने त्याला पळवलं.

पुस्तकं टीई-१० ला ‘रेषीय’ म्हणून पुढे जातात तिथे एक सुंदर गोष्ट सुटते. विद्युतक्षेत्र रेषीय आहे, मान्य. चुंबकीय क्षेत्र तसं नाही. त्याचे दोन घटक आहेत, एक रुंदीच्या दिशेने, एक लांबीच्या दिशेने, आणि दोघांत ९० अंशांचा फेजफरक. मधोमध फक्त रुंदीचा घटक असतो, बाजूच्या भिंतीवर फक्त लांबीचा. मध्ये कुठेतरी दोघे समान होतात, आणि तिथे चुंबकीय क्षेत्र चक्क वर्तुळाकार पोलराइज्ड असतं, रुंद भिंतीला समांतर पातळीत गोल फिरणारं. ही जागा कुठे? डब्ल्यूआर-९० मध्ये १० गिगाहर्ट्झला बाजूच्या भिंतीपासून ५.२ मिमीवर. हिशेब करून बघा: रुंदीचा जेवढा भाग तो ४१ भागिले १८०. मघाचा आपटणाऱ्या लहरींचा कोनच पुन्हा येतो. हा योगायोग नाही, समीकरण एकच आहे. पण पहिल्यांदा दिसतं तेव्हा बरं वाटतं.

याचा उपयोग तुमच्या बाकावरच आहे. आयसोलेटरच्या (लहरीला एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या उपकरणाच्या) एका प्रकारात फेराइट या चुंबकीय पदार्थाची पट्टी बरोबर याच जागी बसवतात आणि बाहेरून चुंबक लावतात. फेराइटमधल्या इलेक्ट्रॉनांची भोवऱ्यासारखी गिरकी एकाच दिशेची असते. लहर एका बाजूने आली तर तिथलं चुंबकीय क्षेत्र त्या गिरकीच्या दिशेने फिरतं आणि शक्ती शोषली जाते. उलट बाजूने आली तर क्षेत्र उलटं फिरतं आणि लहर जवळजवळ न अडखळता निघून जाते. आयसोलेटरवरचा बाण नळीतल्या या वर्तुळाकार पोलरायझेशनमुळेच आहे. त्याच जागी रुंद भिंतीत अधिक-चिन्हासारखी खाच कापली तर ती बाहेर वर्तुळाकार पोलरायझेशन टाकते. म्हणजे टीई-१० मधून वर्तुळाकार पोलरायझेशन मिळवता येत नाही असं सरसकट म्हणू नका. नळीतून पाठवता येत नाही. नळीतून काढता येतं.

खाचांचा विषय निघालाच आहे तर: स्लॉटेड लाइनची लांब खाच रुंद भिंतीच्या अगदी मध्यरेषेवर असते, कारण तिथे भिंतीतला प्रवाह फक्त लांबीच्या दिशेने वाहतो आणि त्या दिशेची अरुंद खाच त्याला आडवी येत नाही. तीच खाच बाजूला सरकवली तर आडवे प्रवाह तुटतात आणि ती अँटेना होते. रडारचे स्लॉट ॲरे असेच बनतात.

आता जिथे निवड उरते त्या नळ्यांकडे. चौरस नळीत टीई-१० आणि टीई-०१ चा कटऑफ एकच. गोल नळीत (तिथे मोडांचे आकडे वेगळ्या पद्धतीने लावतात) सर्वांत खालचा मोड टीई-११, आणि तो कोणत्याही कोनात उभा राहू शकतो. म्हणजे प्रत्यक्षात एकमेकांना काटकोनात असे दोन मोड, समान वेगाचे. इथे मोकळ्या हवेसारखं स्वातंत्र्य परत मिळतं: दोघांचं प्रमाण आणि फेज बदलून रेषीय, लंबवर्तुळाकार, वर्तुळाकार, काहीही.

घरावरची डीटीएचची छत्री याचं रोजचं उदाहरण. एलएनबीचं, म्हणजे छत्रीसमोरच्या सिग्नल घेणाऱ्या डबीचं, तोंड गोल असतं, कारण उपग्रह दोन्ही पोलरायझेशनांवर वेगवेगळे चॅनल पाठवतो आणि आयताकृती नळीने त्यातलं एक दारातच अडवलं असतं. आतला व्यास १७.५ मिमी धरा. टीई-११ चा कटऑफ १०.०४ गिगाहर्ट्झ येतो, आणि पुढच्या मोडचा, टीएम-०१ चा, १३.११. केयू-बँडचं प्रक्षेपण १०.७ ते १२.७५ गिगाहर्ट्झ. बरोबर मध्ये बसतं. आत दोन प्रोब काटकोनात असतात आणि सेट-टॉप बॉक्स केबलमधून १३ किंवा १८ व्होल्ट पाठवून कोणता प्रोब जोडायचा ते सांगतो. १३ ला उभं, १८ ला आडवं. केबल फार लांब किंवा जोड गंजलेला असेल आणि १८ चे वाटेत १५ होऊ लागले, तर निम्मे चॅनल जातात आणि निम्मे झकास दिसतात. लोक छत्री हलवत बसतात.

एलएनबी स्वतःच्या अक्षाभोवती फिरवून बसवावा लागतो तेही पोलरायझेशनसाठीच. उपग्रह आपल्या रेखांशापासून जितका दूर आणि आपण विषुववृत्ताच्या जितके जवळ, तितका हा कल जास्त. समजा १० अंशांची चूक राहिली. हव्या त्या सिग्नलचं नुकसान फक्त ०.१३ डीबी, म्हणजे नगण्य. पण नको असलेलं पोलरायझेशन १५ डीबी खालीच राहतं, आणि ते हस्तक्षेप म्हणून आत शिरतं. म्हणून स्क्रीनवर सिग्नल स्ट्रेंथ भरपूर दिसते आणि क्वालिटी पडलेली असते. छत्री बसवणाऱ्याने स्ट्रेंथचा आकडा बघून काम संपवलं असेल तर हेच होतं.

गोल नळीची अडचण तिच्या एकल-मोड पट्ट्यात आहे. टीएम-०१ आणि टीई-११ च्या कटऑफचं गुणोत्तर १.३१, बस. डीटीएचला १.१९ पुरतं. पण खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचा १००० ते १४५० मेगाहर्ट्झचा फीड (छत्रीच्या केंद्राशी सिग्नल घेणारा भाग) घ्या, गुणोत्तर १.४५. साध्या गोल नळीत हे मावत नाही. म्हणून तिथे हॉर्नच्या मागे चार बाजूंनी कडा आत आलेली नळी आहे. त्या कडा दोन काटकोनी मोडांचा कटऑफ खाली ओढतात आणि पट्टा रुंदावतात. पल्सारच्या अभ्यासात पोलरायझेशन ही गौण बाब नसून मोजायची मुख्य राशी असते, तेव्हा दोन्ही वाटा स्वच्छ वेगळ्या राहणं गरजेचं.

स्वातंत्र्याची किंमतही आहे. दोन मोड समान वेगाने जातात ते नळी अचूक गोल किंवा चौरस असेपर्यंतच. २० बाय २० मिमीच्या नळीची एक बाजू १८ मिमी केली तर १० गिगाहर्ट्झला दोन मोडांत सुमारे ६९ मिमी लांबीत ९० अंशांचा फरक पडतो. ४५ अंशांत रेषीय लहर आत सोडली की वर्तुळाकार बाहेर. मुद्दाम केलं तर याला पोलरायझर म्हणतात आणि पैसे मिळतात. टॉवरवर चढवलेल्या लांब गोल नळीला कुठे क्लँप जास्त आवळला गेला, ती किंचित लंबवर्तुळ झाली, तर हेच नकळत घडतं आणि एका पोलरायझेशनचा सिग्नल दुसऱ्यात गळायला लागतो. अशा वेळी मी आधी क्लँप बघतो, मग बेंड, आणि सर्वांत शेवटी इलेक्ट्रॉनिक्स. नळी गरजेपेक्षा मोठी असेल तर वरचे मोडही दोन टोकांमध्ये अडकून राहतात. टोकाची अरुंद नळी त्यांना बाहेर पडू देत नाही आणि स्वीपमध्ये (फ्रिक्वेन्सी सरकवत घेतलेल्या मोजणीत) ठरावीक फ्रिक्वेन्सींना अरुंद, खोल खड्डे दिसतात. एकदा तो आकार ओळखीचा झाला की दुसऱ्या कशाशी गल्लत होत नाही.

सगळ्याच मोडांना एक दिशा असते असंही नाही. गोल नळीतल्या टीएम-०१ मध्ये विद्युतक्षेत्राच्या रेषा केंद्रातून सगळीकडे पसरतात. त्याला उभा म्हणाल की आडवा? काहीच नाही, आणि तेच कामाचं आहे. फिरणाऱ्या रडार अँटेनाच्या रोटरी जॉइंटमध्ये टीई-११ वापरला तर एका फेरीत दोनदा सिग्नल शून्याला जाईल; टीएम-०१ ला वरचा भाग फिरला की नाही हे कळतच नाही. गोल नळीतल्याच टीई-०१ मध्ये रेषा बंद वर्तुळं असतात, कुठल्याच भिंतीला टेकत नाहीत, आणि त्यामुळे फ्रिक्वेन्सी वाढेल तशी त्याची हानी कमी होत जाते. इतर मोडांच्या अगदी उलट. बेल लॅब्जने १९७० च्या दशकात न्यू जर्सीत ६० मिमी व्यासाच्या नळीतून या मोडवर दूरध्वनीची लांब पल्ल्याची वाहिनी उभी करून चाचणी घेतली. नळीत शेकडो मोड मावत होते; नको असलेल्यांना मारण्यासाठी काही तुकडे बारीक तारेच्या वेटोळ्यांचे केले होते, म्हणजे प्रवाह फक्त गोल फिरू शकेल. योजना तांत्रिकदृष्ट्या चालली. तेवढ्यात काचेचा फायबर स्वस्त झाला.

फायबरबद्दल एकच वाक्य खर्च करतो, कारण तिथे हमखास फसायला होतं: ‘सिंगल-मोड’ फायबरमध्ये खरं तर दोन मोड असतात, एकमेकांना काटकोनात पोलराइज्ड, आणि आजच्या लांब पल्ल्याच्या यंत्रणा दोघांवर वेगवेगळी माहिती पाठवतात. खराखुरा एकच मोड तुमच्या डब्ल्यूआर-९० मध्ये आहे.

प्रयोगशाळेत हे सगळं एकाच उपकरणात बघायचं असेल तर रोटरी व्हेन अटेन्युएटर (डायल फिरवून सिग्नल हवा तेवढा कमी करणारं उपकरण) हातात घ्या. दोन टोकांना आयताकृती नळी, मध्ये गोल. तीन भागांत तीन रोधक पट्ट्या; टोकाच्या दोन स्थिर, विद्युतक्षेत्राला लंब, आणि मधली डायलबरोबर फिरणारी. मधली पट्टी कोनात फिरवली की तिला समांतर असलेला क्षेत्राचा घटक तिच्यात जळतो आणि लंब घटक, म्हणजे कोनाच्या कोसाइनइतका, पुढे जातो. शेवटची स्थिर पट्टी त्याचा पुन्हा कोसाइन घेते. क्षेत्राला कोसाइनचा वर्ग लागला, शक्तीला चौथा घात. ३० अंशांना २.५ डीबी, ४५ ला ६, ६० ला १२, ८० ला ३०.४, ८५ ला ४२.४. डायलवरच्या डीबीच्या खुणा शेवटी इतक्या दाट का होतात ते त्यावरून दिसेल: शेवटच्या काही अंशांत सगळा मोठा क्षय भरलेला आहे. फ्रिक्वेन्सी या सूत्रात नाही, म्हणून एकाच डायलवर पूर्ण बँड चालतो. डिटेक्टर स्क्वेअर-लॉ भागात (जिथे त्याचं आउटपुट शक्तीच्या प्रमाणात असतं) आहे ना एवढं आधी पाहा, शक्ती कमी ठेवा, आणि ४५ अंशांपासून सुरुवात करा; तिथे डिटेक्टरला जोडलेल्या व्हीएसडब्ल्यूआर मीटरच्या डीबी पट्टीवर शून्य अंशाच्या तुलनेत सहाच्या आसपास वाचन आलं नाही, तर डायलचा शून्य सरकलेला आहे.